त्याच्याकडे नको, त्याच्या आजूबाजूच्या माणसांकडे बघ

प्रश्न असा आलाय: वय २७, पुण्यात आयटीत नोकरी, स्थळ सांगून आलंय, मुलाशी तीन भेटी झाल्यात. मुलगा शांत आहे, गोड बोलतो, ऑफिसमधे इमोशनल इंटेलिजन्सचं, म्हणजे भावनिक समजूतदारपणाचं ट्रेनिंग झालंय आणि स्वतःहून सांगतो की माझा ईक्यू (या समजूतदारपणाचं मोजमाप) चांगला आहे. घरचे खूश आहेत. "ताई, याबद्दल वाचलं भरपूर, पण समोर बसलेल्या माणसात हे आहे की नाही हे रोजच्या साध्या वागण्यातून ओळखायचं कसं? आणि माझ्यात तरी आहे का, हे कसं कळणार?"

मी लग्नाआधीचं आणि लग्नानंतरचं समुपदेशन करते, त्याआधी बरीच वर्षं शाळेत समुपदेशक होते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे आणि उत्तर लांबणार आहे. निवांत वाच.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. एखाद्याचा इमोशनल इंटेलिजन्स बघायचा असेल तर त्याच्याकडे कमी बघ, त्याच्या आसपासच्या माणसांकडे जास्त बघ. तो काय बोलतो, किती शांत दिसतो, स्वतःबद्दल काय सांगतो यावरून फार थोडं कळतं. पण त्याच्या घरातली, ऑफिसमधली, त्याच्यापेक्षा लहान असलेली किंवा त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं त्याच्यासमोर मोकळी असतात की सावध, नको असलेली बातमी त्याला लगेच सांगतात की मूड बघून सांगतात, हे बघितलंस तर खूप काही कळेल.

हे सगळं आलं कुठून तेही थोडक्यात सांगते, कारण ट्रेनिंगवाल्यांनी त्यात बराच गोंधळ करून ठेवलाय. १९९० साली पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ही कल्पना नीट मांडली, १९९७ मधे तिचे चार भाग सांगितले, ते म्हणजे स्वतःची आणि समोरच्याची भावना ओळखता येणं, विचार करताना त्या भावनेचा उपयोग करून घेता येणं, ती कशातून आली आणि पुढे कुठे जाईल हे समजणं आणि शेवटी ती हाताळता येणं. मधे १९९५ साली डॅनियल गोलमन यांचं पुस्तक आलं आणि त्यानंतर हे नाव जगभर झालं. त्या पुस्तकात त्यांनी लिहिलंय की आयुष्यातल्या यशात आयक्यूचा, म्हणजे बुद्ध्यांकाचा वाटा फार तर २० टक्के, बाकीचा इतर गोष्टींचा, आणि त्या इतर गोष्टींत सामाजिक परिस्थितीपासून नशिबापर्यंत सगळं येतं. पण ट्रेनिंगच्या स्लाइडवर येईपर्यंत त्याचं झालं "८० टक्के यश ईक्यूमुळे मिळतं". असं कुणी सिद्ध केलेलं नाही. तुला सांगून आलेल्या त्या मुलाला ती स्लाइड दाखवली असेल तर त्यात त्याचा काही दोष नाही, फक्त त्या ट्रेनिंगच्या सर्टिफिकेटला लग्नाच्या निर्णयात काही वजन देऊ नकोस.

आणि "माझा ईक्यू चांगला आहे" या वाक्यालाही देऊ नकोस. यावर संशोधन झालंय, माणसाला तुमचा भावनिक समजूतदारपणा किती असं प्रश्नावलीतून विचारलं आणि मग प्रत्यक्ष काम दिलं, म्हणजे चेहरा बघून भावना ओळखा, या प्रसंगात काय केलं तर बरं होईल ते सांगा, अशा चाचण्या, तर दोन्हीचे गुण आपसात फारसे जुळत नाहीत. तो खोटं बोलतोय असं मी म्हणत नाहीये. स्वतःच्या वागण्याचा दुसऱ्यावर काय परिणाम होतो हे ज्याला दिसत नाही त्याला आपल्याला दिसत नाही हेही दिसत नाही, एवढंच.

आता आसपासच्या माणसांकडे बघ म्हणजे नक्की काय बघ.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांचा एक अभ्यास आहे, १९९६ साली छापलेला, आणि माझ्या कामात मला त्याचा जेवढा उपयोग झाला तेवढा दुसऱ्या कशाचा झाला नसेल. हॉस्पिटलच्या वेगवेगळ्या वॉर्डांत औषधं देताना किती चुका होतात हे त्या मोजत होत्या. अपेक्षा अशी होती की जिथे टीम चांगली, मुख्य नर्स चांगली, तिथे चुका कमी सापडतील. आकडे आले ते उलटे, चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त! खोलात गेल्यावर लक्षात आलं की या वॉर्डांत नर्सेस चूक झाली की उघड बोलत होत्या आणि जिथे मुख्य नर्सची भीती होती तिथे चुका दाबल्या जात होत्या. म्हणजे कागदावर जो वॉर्ड स्वच्छ दिसत होता तिथे खरं तर लोक घाबरलेले होते.

हेच आपल्या घरात लावून बघ. कामवाल्या मावशींच्या हातून काचेचा ग्लास फुटला तर त्या येऊन सांगतात का, की काचा कागदात गुंडाळून गुपचूप कचऱ्यात टाकतात आणि चार दिवसांनी "तो ग्लास कुठेय" असं शोधाशोध चालू होते? मुलाला गणितात कमी मार्क पडले तर पेपर आधी कुणाला दाखवतो? आणि "बाबांना आत्ता नको सांगायला, जेवण झाल्यावर मूड बघून सांगू" हे वाक्य घरात किती वेळा ऐकू येतं? शाळेत असताना मी मुलांना कधी थेट विचारलं नाही की तुझे बाबा रागीट आहेत का, कारण प्रत्येक मूल नाहीच म्हणतं. मी विचारायचे की संध्याकाळी बाबांच्या गाडीचा आवाज आला की घरात काय होतं. कुणी सांगायचं की धाकटी बहीण धावत दारात जाते, कुणी सांगायचं की टीव्ही बंद होतो, आई ओट्याकडे जाते आणि मी पुस्तक उघडून बसतो. बाबांबद्दल एक शब्द न बोलता मुलं सगळं सांगून जायची.

लहान मुलं याबाबतीत आपल्यापेक्षा फार हुशार असतात. १९८५ सालचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे, वर्षाच्या बाळांना एका टेबलावर ठेवलं, पुढे काच होती आणि काचेखाली खड्ड्यासारखं दिसत होतं, पलीकडे आई. आईने हसरा चेहरा ठेवला तर १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून तिच्याकडे गेली, आईने घाबरलेला चेहरा केला तर १७ पैकी एकही गेलं नाही. आई तोंडाने काही बोलत नव्हती. तर जे बाळ पुढचं पाऊल टाकायच्या आधी चेहरा वाचतं तेच मोठं होऊन मार्कांचा पेपर दाखवायच्या आधीही चेहरा वाचतं, आणि ऑफिसमधला ज्युनियर रात्री ११ वाजता सर्व्हर पडलाय हे सांगायला फोन लावायच्या आधी मनातल्या मनात तेच करतो.

म्हणून तुझ्या त्या मुलाला पुढच्या भेटीत विचार की टीममधे शेवटचा मोठा गोंधळ कधी झाला आणि तुला ते कळलं कसं. "ज्युनियरने लगेच फोन केला, आम्ही रात्रभर बसलो" असं असेल तर छान. "मला क्लायंटकडून कळलं, आमचे लोक काही सांगतच नाहीत, सगळे बिनकामाचे" असं उत्तर आलं तर जरा थांब, कारण लोक का सांगत नाहीत हा प्रश्न त्याला पडलेलाच नाहीये.

इथे एका गोष्टीबद्दल मला मनापासून चीड आहे ती बोलूनच टाकते. आपल्याकडे एक फणसाचं कौतुक आहे, "वरून काटेरी पण आतून एकदम गोड, राग येतो पण मनात काही ठेवत नाही." स्थळ सांगायला येणारे मामा-काका हे वाक्य इतक्या सहज टाकतात की जणू तो एक गुणच. अरे पण गरे खायला मिळेपर्यंत हात कुणाचे सोलवटतायत? त्याच्या मनात काही राहत नाही हे खरंच असेल, तो पाच मिनिटांत सगळं विसरून क्रिकेट बघत असेल, पण बायकोच्या, मुलांच्या, म्हाताऱ्या आईच्या मनात ते राहतं ना. माझ्यासमोर अशी कितीतरी जोडपी बसलेली असतात, नवरा अगदी प्रामाणिकपणे म्हणतो की मी तर केव्हाच विसरलो, हीच धरून बसते, आणि ती खाली बघून ओढणीचं टोक गुंडाळत असते. भावना हाताळणं म्हणजे ती आपल्या डोक्यातून बाहेर फेकून मोकळं होणं असं जो समजतो, ती जाऊन कुणाच्या अंगावर पडते याचा ज्याला पत्ता नाही, त्याला मी समजूतदार म्हणणार नाही.

मात्र आवाज मोठा म्हणजे समज कमी असंही धरू नकोस हं. हा घोळ पुण्या-मुंबईच्या लोकांचा नेहमी होतो. कोल्हापूरकडे, मालवणात, वऱ्हाडात कितीतरी घरांत बोलणंच खणखणीत असतं, दोन वाक्यांत एक शिवी असते, आणि त्याच घरात दहा वर्षांची पोरगी आजोबांना "आबा तुमचं चुकलं" असं तोंडावर सांगते आणि आबा ऐकून घेतात. उलट अत्यंत हळू, शुद्ध, जी-जी करून बोलणाऱ्या घरात सुनेला फ्रीजमधलं आईस्क्रीम विचारल्याशिवाय घ्यायची हिंमत होत नाही. इंग्रजीतून "आय हिअर यू" म्हणता येणं याचाही काही संबंध नाही. सरकारी हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डातली एखादी सिस्टर असते, तिने इमोशनल इंटेलिजन्स हे नावही ऐकलेलं नसतं, पण पेशंटच्या पाच नातेवाइकांपैकी रिपोर्ट वाईट आलाय हे आधी कुणाला बाजूला घेऊन सांगायचं आणि कुणाला खुर्चीत बसवूनच सांगायचं, हे तिला दोन मिनिटांत कळलेलं असतं. सॅलोव्ही-मेयरनी सांगितलेले चारही भाग त्या दोन मिनिटांत येऊन जातात.

आता तू लिहिलंयस की मुलगा शांत आहे. याबद्दल जरा सविस्तर सांगते कारण तुझा निर्णय बहुतेक यावरच अडणार आहे.

शांत दोन प्रकारचे असतात. एकाला राग येतो, तो त्याला कळतो, त्याचं काय करायचं हेही साधारण माहीत असतं म्हणून तो शांत दिसतो. दुसऱ्याला राग येतो आणि तो गिळतो. बाहेरून पहिल्या भेटीत दोन्ही सारखेच दिसतात. जेम्स ग्रॉस नावाचे संशोधक अनेक वर्षं यावरच काम करतायत, आणि २००३ साली त्यांच्या गटाचा, एमिली बटलर यांच्या पुढाकाराने झालेला एक प्रयोग आहे. एकमेकींना न ओळखणाऱ्या दोन बायकांना अस्वस्थ करणारी फिल्म दाखवली आणि त्यावर गप्पा मारायला सांगितल्या, जोडीतल्या एकीला गुपचूप सांगितलं की तुझ्या भावना चेहऱ्यावर अजिबात दिसू देऊ नकोस. समोरच्या बाईला हे काही माहीत नव्हतं, तरी गप्पा मारताना तिचं, म्हणजे समोरच्या बाईचं ब्लडप्रेशर वाढलं! म्हणजे गिळणारा गिळतो आणि ताण शेजारच्याला येतो. आपल्या घरांमधे जो अबोला असतो ना, "मी काय बोललो का तुला, मी तर गप्पच आहे" असा, त्यात बाकीच्यांचा जीव का गुदमरतो ते यातून कळतं.

मग ओळखायचं कसं? सरळ विचार, "तुला राग कशाचा येतो?" जो म्हणेल "मला रागच येत नाही", त्याच्याबद्दल मी थोडी सावध होते. राग सगळ्यांना येतो, याला एकतर तो ओळखता येत नाही किंवा सांगायची लाज वाटते. जो म्हणेल की "धाकट्या भावाने न विचारता बाईक नेली की येतो, मागच्या महिन्यात त्याच्यावर जरा जास्तच चढलो, मग दुसऱ्या दिवशी बोललो त्याच्याशी", त्याच्याबद्दल मला बरं वाटतं. यात त्याने रागाचं कारण सांगितलं, आपलं जास्त झालं हेही सांगितलं आणि पुढे काय केलं तेही. तसंच शेवटचा वाईट दिवस कुठला होता ते विचार. सगळ्यालाच "टेन्शन होतं" म्हणतो का, की टेन्शनच्या आत काय होतं हे त्याला वेगळं करता येतं, म्हणजे सगळ्यांसमोर बॉस बोलला त्याची लाज वाटली, की प्रमोशन मित्राला मिळालं त्याचा हिरमोड झाला, की नोकरी जाईल याची धास्ती होती? कारण लाज वाटलेल्या माणसाला जे हवं असतं ते धास्तावलेल्या माणसाला चालत नाही, आणि स्वतःचं वेगळं करता आलं नाही तर तुझं कुठून येणार.

वेटरशी कसा वागतो ते बघ असा सल्ला सगळेच देतात. चांगला आहे पण आता तो सगळ्यांना माहीत झालाय, पहिल्या भेटीत कोण वेटरवर ओरडेल? भूक लागलेली असताना चुकीची डिश आली, बिलात गडबड झाली, ट्रॅफिकमधे पाऊण तास गेला आणि पार्किंग मिळेना, अशा वेळी बघ. शक्य झालं तर चकाचक कॅफेत भेटण्याऐवजी एखादं खरं काम घेऊन भेटा, बँकेत जायचंय, कुणाला हॉस्पिटलमधे बघायला जायचंय, भर लक्ष्मी रोडवर खरेदी करायचीये. कामात माणूस जास्त दिसतो.

आणि तुझं स्वतःचं "नाही" लपवू नकोस. हे मला प्रत्येक मुलीला सांगावं लागतं. बघाबघीच्या काळात आपण इतक्या गोड असतो, तो म्हणेल त्या हॉटेलात जाऊ, तो म्हणेल त्या वेळेला भेटू, फोटो टाकला तर टाकू दे, की त्याला नकार ऐकायची वेळच येत नाही आणि मग तो नकार कसा घेतो हे लग्नानंतरच कळतं. मुद्दाम परीक्षा घ्यायला सांगत नाहीये, सापळे लावणं मला अजिबात पसंत नाही, ते अपमानकारक आहे. पण खरंच रविवारी जमणार नसेल तर जमणार नाही म्हण, खरंच तो जोक आवडला नसेल तर आवडला नाही म्हण, आणि मग बघ. "अच्छा, ओके, कधी जमेल?" आलं, थोडा खट्टू होऊन का होईना आलं, तर उत्तम. खट्टू होणं साहजिकच आहे. "तू ना फार सेन्सिटिव्ह आहेस, मी मस्करी करत होतो" आलं तर लक्षात ठेव. एकदा आलं म्हणून स्थळ मोडू नकोस, पण लक्षात ठेव. आणि दोन दिवस रिप्लायच बंद झाले तर ते त्या वाक्यापेक्षाही जास्त लक्षात ठेव.

अजून एक बारीक गोष्ट, जॉन गॉटमन या संशोधकाने जोडप्यांच्या साध्या साध्या बोलण्याचा अभ्यास केलाय. आपण दिवसभर समोरच्याचं लक्ष मागत असतो, "बघ ना काय पाऊस पडतोय", "आज ऑफिसात काय झालं माहितीये" असं. त्याच्या एका अभ्यासात नवविवाहित जोडप्यांना सहा वर्षांनी पुन्हा बघितलं तेव्हा जी जोडपी एकत्र होती ती सुरुवातीच्या काळात अशा हाकेला १०० पैकी ८६ वेळा ओ देत होती, जी वेगळी झाली ती फक्त ३३ वेळा. त्या हाकांमधे प्रेमाबिमाच्या गोष्टी क्वचितच असतात, पाऊसच असतो बहुतेक वेळा. तू काहीतरी सांगत असताना त्याची मान मोबाइलमधून वर येते का, आणि तू काही त्रासाचं सांगितलंस तर लगेच "त्यात काय एवढं" किंवा "तू ना असं करायला हवं होतंस" सुरू होतं की आधी थोडं ऐकतो, हे बघायला काही ट्रेनिंग लागत नाही.

भांडण झालं तर? व्हायला हवं खरं तर, साखरपुड्याआधी एखादं तरी खरं मतभेदाचं बोलणं व्हावं, पैशावरून, नोकरीवरून, आईवडिलांसोबत राहायचं की नाही यावरून. भांडण कुणाचं होत नाही? बघायचं ते नंतर. भांडण चिघळू नये, मिटावं म्हणून माणूस जे काही करतो त्याला गॉटमन दुरुस्तीचा प्रयत्न म्हणतो. आपल्या घरांत मोठी माणसं तोंडाने सॉरी म्हणत नाहीत हे मला चांगलं माहितीये, आपल्याकडे माफी चहाच्या कपातून येते, "चहा टाकू का तुला?" असं विचारलं की समजायचं. काही लोक त्याला नावं ठेवतात, मी ठेवत नाही, माफीची ती एक खरी पद्धत आहे. फक्त त्यानंतर काय बदलतं ते बघ. त्या चहानंतर तीच गोष्ट पुढच्या वेळी थोडी वेगळी झाली तर ती दुरुस्ती. तेच भांडण, तेच शब्द, दर महिन्याला, आणि दर वेळी चहा, तर तो चहा फक्त विषय बंद करायला आहे. शब्दांनी मागितलेल्या माफीलाही हेच लागू, "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" यात वाईट वाटण्याची जबाबदारी तुझीच राहते, आणि "सॉरी म्हटलं ना आता, अजून काय करू" यात तर माफी मागितली हेच तुझ्यावर उपकार. "सगळ्यांसमोर तुझ्या पगारावरून बोलायला नको होतं मी" यात त्याने नेमकं काय केलं हे त्याला कळलेलं असतं.

आता थोडा अवघड भाग. भावना उत्तम ओळखणारा माणूस चांगलाच असेल असं नाही. टोरांटोच्या स्टेफान कोटे आणि सहकाऱ्यांनी २०११ मधे दाखवलंय की भावना हाताळायचं ज्ञान ज्यांचं चांगलं आहे त्यांच्यात मुळात दुसऱ्यांना वापरून घ्यायची वृत्ती असेल तर ते ज्ञान त्रास द्यायलाही कामी येतं, आणि ज्यांची मूळ वृत्ती बरी असते ते त्याच ज्ञानाने चांगलं वागतात. माझ्याकडे येणाऱ्या काही बायका सुरुवातीला सांगतात की तो मला इतकं ओळखायचा की मी बोलायच्या आधी त्याला कळायचं. आणि नंतर तेच ओळखणं भांडणात बाहेर आलं, तिने विश्वासाने सांगितलेली वडिलांची गोष्ट, शाळेतली भीती, जाड असण्याची लाज, सगळं नेमकं दुखेल तिथे. विश्वासाने सांगितलेली गोष्ट रागात हत्यार म्हणून वापरली गेली, एकदाच का होईना, तर मी ते फार गंभीर धरते. ओरडण्यापेक्षाही गंभीर.

आणि इथे आजूबाजूच्या माणसांत तू स्वतः पण आलीस. त्याच्याशी बोलताना तुझं काय होतं ते बघ. मेसेज टाइप करून, खोडून, मैत्रिणीला दाखवून मग पाठवतेस का? भेटीवरून आल्यावर मोकळं वाटतं की पेपर देऊन आल्यासारखं थकायला होतं? पहिल्या भेटीत धडधड सगळ्यांनाच असते, ती सोड. पण पाचव्या भेटीत तू पहिल्या भेटीपेक्षा जास्त सावध बोलायला लागली असशील तर त्याची नोंद घे, मग कारण सांगता येवो न येवो.

एका बाबतीत मात्र घाई करू नकोस. काही माणसांना चेहरे पटकन वाचता येत नाहीत, काहींना स्वतःच्या भावनेला शब्दच सापडत नाहीत, काही ऑटिझमच्या स्पेक्ट्रमवर असतात आणि मोठं होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलेलं नसतं, काही नुसते लाजरे असतात, काही त्या काळात डिप्रेशनमधून जात असतात. अशी माणसं भेटीत डोळ्यात बघत नाहीत, गप्प राहतात, चुकीच्या जागी हसतात, आणि घरचे शिक्का मारून मोकळे होतात की मुलगा कोरडा आहे. माझ्या बघण्यातला एक मुलगा होता (ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदललेत), मुलीने काहीतरी दुखावणारं झाल्याचं सांगितलं की तो अक्षरशः गोठायचा. पण त्याने तिला सांगून ठेवलं होतं, "मला तिथल्या तिथे बोलता येत नाही, उद्या सांगतो", आणि दुसऱ्या दिवशी तो खरंच बोलायचा, कधी लिहून आणायचा. त्याला आपली मर्यादा माहीत होती, ती समोरच्याला आधीच सांगत होता, आणि शब्द पाळत होता. घरातली भाची त्याच्या पाठीवर चढून बसलेली असायची, आईने त्याच्यापासून काही लपवल्याचं कधी ऐकलं नाही. मला तो कुठल्याही गोड बोलणाऱ्या मुलापेक्षा भरवशाचा वाटला.

तुझ्यात आहे का, हे विचारलंस. तीच कसोटी उलटी लाव. धाकट्या भावाची गाडी ठोकली गेली तर आधी फोन तुला येतो का? टीममधला नवा मुलगा तुझ्यासमोर "मला हे येत नाहीये" म्हणतो का? आई तुझ्यापासून तिचं दुखणं लपवते का, आणि लपवत असेल तर तुला काळजी नको म्हणून की तू चिडतेस म्हणून? एखाद्या जवळच्या माणसाला सरळ विचार की अशी कुठली गोष्ट आहे जी मला सांगायला तुला जड जातं, आणि उत्तर आल्यावर स्वतःची बाजू मांडू नकोस, निदान त्या दिवशी तरी. तेवढं जमलं तरी बरंच आहे. आणि कमी पडत असेल तर हे शिकता येतं बरं का, वय झालेल्या माणसांना पण. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेली आरईबीटी ही समुपदेशनाची पद्धत, जी महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली, तिच्यात हेच शिकवतात की घटना आणि माझी भावना यांच्या मधे माझा स्वतःचा एक विचार असतो आणि तो तपासता येतो. पन्नाशीतले नवरे हे शिकून बदललेले मी बघितलेत. पण त्यांना बदलायचं होतं म्हणून ते बदलले. लग्नानंतर मी त्याला बदलेन या भरवशावर कुणी लग्न करू नये.

तर आता तुझ्यापुरतं. तारीख ठरवायची घाई असेल तर घरच्यांकडून अजून महिना-दोन महिने मागून घे, त्यात कुणाचं काही जात नाही. या काळात एकदा त्याच्या घरी जा, पण सगळे नटून बसतील अशा कार्यक्रमाला नको, साध्या दिवशी, संध्याकाळी तो ऑफिसमधून यायच्या आधी. आईबरोबर ओट्यापाशी उभी राहा, काही चिरायला घे. तो आला की घरात काय होतं ते बघ. आवाज वाढतात की कमी होतात, आई आपलं बोलणं पुढे चालू ठेवते की अर्ध्यात तोडते, धाकटी बहीण त्याची चेष्टा करते का. आणि त्याच्या वडिलांसमोर तो स्वतः कसा असतो तेही बघ, कारण घरात भीतीने वागायची सवय असेल तर ती त्याने कुठे पाहिली हे तिथे कळेल आणि तो त्यातून बाहेर आलाय का हेही. त्याच्या मित्रांना भेट, आणि मित्रांच्या बायकांना नक्की भेट, त्या जास्त खरं सांगतात. त्यालाही हे सगळं तुझ्या घरी येऊन बघू दे, त्याचाही तेवढाच हक्क आहे.

आणि हे सगळं वाचताना जर असं वाटलं असेल की मला त्याची आत्ताच भीती वाटते, तो फोन तपासतो, कुणाशी बोललीस विचारतो, नाही म्हटलं की धमक्या देतो, तर मग हा इमोशनल इंटेलिजन्सचा प्रश्नच राहिला नाही, त्याची परीक्षा बघत बसू नकोस, घरात ज्याच्यावर विश्वास आहे त्याला आजच सांग. घरात कुणी नसेल तर १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, आणि मनाला फार त्रास होत असेल तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करता येतो, मराठीत बोलता येतं. तुझ्या पत्रात असं काही दिसलं नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागू शकतं म्हणून लिहिलं.

त्याच्या घरी जाऊन आलीस की लिही, मग पैशाच्या बोलण्याचं काय करायचं ते बघू, तो विषय तुम्ही दोघांनी अजून काढलेला दिसत नाही.